घरचा नियम कोणाच्या पात्रावर पडतो

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावी काही मित्र मिळून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांवरचा कल्पनारम्य खेळ मराठीतून खेळतो. नवा माणूस आला की त्याला आधी खेळात स्वतः चालवायचे पात्र बनवायची घाई असते. मी मात्र त्याला अगोदर आमच्या बैठकीचे घरचे नियम, म्हणजे छापील पुस्तकापलीकडे आमच्यापुरते ठरवलेले नियम, ऐकवतो आणि मगच योद्धा की जादूगार ते ठरवायला सांगतो. छापील पुस्तकात दोन्ही पात्रे तोलामोलाची असली, तरी घरचा एखादा नियम त्यांतल्या एकाचे पारडे असे हलके करतो की खेळाडूला ते पाचव्या-सहाव्या बैठकीपर्यंत कळतही नाही.

गुणांचेच पाहा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ताकद, चपळाई, बुद्धी अशा सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकत. सरासरी साडेदहा यायची आणि १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक होती. पुढे चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडून देण्याची रीत रुळली आणि सरासरी सव्वाबाराच्या आसपास गेली, पण एकाच्या नशिबी १७ आणि शेजारच्याच्या नशिबी ९ हा प्रकार काही थांबला नाही. त्या एका संध्याकाळच्या फाशांचे ओझे वर्षभर वाहायला लावणे मला पटत नाही. म्हणून आमच्याकडे १५, १४, १३, १२, १०, ८ हे पुस्तकातलेच ठरलेले आकडे सर्वांना मिळतात आणि कोणता आकडा कोणत्या गुणाला द्यायचा, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

सर्वाधिक आग्रह होतो तो फजितीच्या नियमाचा. वीस बाजूंच्या फाशावर १ पडला की तलवार हातातून निसटावी किंवा वार सोबत्यालाच लागावा, अशी हौस पुष्कळांना असते. मूळ नियमात १ म्हणजे फक्त वार चुकला, एवढेच. आता हिशेब मांडा. एका फेरीत एकच वार करणाऱ्या नवख्या योद्ध्याची फजिती होण्याची शक्यता पाच टक्के. खेळत जाऊ तशी पात्राची पातळी वाढते; पाचव्या पातळीवर त्याला दोन वार मिळतात आणि ती पावणेदहा टक्के होते; विसाव्या पातळीवर चार वार मिळाले की ती साडेअठरा टक्क्यांवर जाते. म्हणजे गडी जितका कसलेला, तितकी त्याच्या हातची तलवार निसरडी! तिकडे अग्निगोळा फेकणारा जादूगार हल्ल्याचा फासा टाकतच नाही. बचावाचा फासा समोरच्याने टाकायचा असतो. हसणारे सगळे असतात, पण दंड एकटा योद्धा भरतो. हा नियम आमच्याकडे नाही आणि माझ्या हातात खेळ चालवणे आहे तोवर येणारही नाही.

दुसरा नियम मात्र असा आहे की तो पुण्या-मुंबईच्या बैठकीत कोणाला सुचला नसता. आमच्या बैठकीत वाघ येत नाही. खेळाच्या २०१४ च्या नियमांत चंद्रपंथी ड्रुइडला (प्राण्यांची रूपे घेणाऱ्या निसर्गपूजक जादूगाराला) दुसऱ्या पातळीपासून वाघाचे रूप घेता येते, आणि एका मुलाने त्यासाठीच ते पात्र बांधायला घेतले होते. त्याच्या शेजारी बसलेल्याच्या काकूंना मोहफुले वेचताना वाघाने धरले होते. तो एवढेच म्हणाला, “बाकी काहीही घे भाऊ, वाघ नको.” ब्रह्मपुरीच्या जंगलपट्टीत यावर वाद घालायला जागा नसते. परंतु ज्याने हौसेने पात्र बांधले त्याचेही नुकसान होऊ नये, म्हणून मी पुस्तक उघडून दोघांसमोर आकडे ठेवले: वाघ आव्हान-श्रेणी (प्राणी लढायला किती भारी त्याचे माप) १ चा, सरासरी ३७ जीवगुणांचा (किती मार सोसेल तो आकडा), महाकाय लांडगाही श्रेणी १ चा आणि ३७ जीवगुणांचाच. झेप घेऊन पाडण्याचे वाघाचे कसब गेले, पण सोबती जवळ असताना जोर चढण्याचे लांडग्याचे कसब मिळाले. मुलाने पात्राची पूर्वकथा त्याच रात्री बदलली, आणि मला तर ती आधीपेक्षा सरस वाटली.

गैरहजेरीचा नियम साधा आहे. रोवणीत आणि धानकापणीत कोणी ना कोणी येत नाही, दिवाळीनंतर मंडई (आमच्याकडची गावजत्रा) आणि झाडीपट्टीची नाटके सुरू झाली की निम्मी बैठक रिकामी असते. म्हणून अनुभवाचे गुण मोजणे आम्ही सोडले. कथेचा टप्पा ओलांडला की हजर-गैरहजर सगळ्यांची पातळी एकदम वाढते. न आलेल्याचे पात्र मरत नाही आणि त्याच्या थैलीला कोणी हात लावत नाही.

सध्या वाद चालू आहे तो औषधाच्या बाटलीचा. २०१४ च्या नियमांत जखमा भरणारी बाटली पिण्यात खेळाडूची त्या पाळीतली पूर्ण कृती खर्ची पडे. पुष्कळ ठिकाणी लोकांनी ती जोडकृती (मुख्य कृतीशिवाय त्याच पाळीत करता येणारी छोटी कृती) मानायला सुरुवात केली आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकाने तेच स्वीकारले. आम्हीही स्वीकारणार होतो, पण आमच्या धर्मगुरूचे पात्र चालवणाऱ्याने हरकत घेतली: जो तो स्वतःच बाटली पिऊन बरा होणार असेल, तर जखमा भरण्यासाठी राखून ठेवलेल्या आपल्या मंत्रांचे काय? हरकत रास्त आहे. तूर्तास स्वतःची बाटली जोडकृतीत पिता येते, मात्र बेशुद्ध सोबत्याला पाजायची तर पूर्ण कृती लागते. धानकापणी संपल्यावर पुन्हा बसून बोलायचे ठरले आहे.