टिडलीविकीतून प्रोग्राम उघडणं: इथवर आलंय

तर मंडळी, आता माझ्या टिडलीविकीत निरीक्षणाच्या नोंदीखालच्या लिंकवर टिचकी मारली की स्टेलेरियम (आकाश दाखवणारा प्रोग्राम) उघडतं. विंडोजवर तरी.

ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी, टिडलीविकी म्हणजे अख्खी विकी एकाच एचटीएमएल फाइलीत, २००४ पासून चालू आहे. पण शेवटी ते ब्राउझरमधलं पानच, आणि पानाला तुमच्या मशीनवरचा प्रोग्राम परस्पर सुरू करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे म्हणा, नाहीतर कुठलीही साइट काहीही चालवत सुटली असती. पूर्वी फायरफॉक्सची जुनी एक्स्टेन्शन्स बरंच काही करू द्यायची, ते २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीला बंद झालं.

मग रस्ता उरतो तो स्वतःच्या यूआरएल स्कीमचा, म्हणजे लिंकच्या पत्त्यात कोलनच्या आधी येणाऱ्या शब्दाचा. मेलटू लिंकने जसं मेलचं ॲप उघडतं तसंच, फक्त नाव आपलं. मी 'वही' ठेवलंय (लिहायचं मात्र रोमनमध्येच, स्कीमला देवनागरी चालत नाही). रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठतात तिथे) करंट यूजरच्या सॉफ्टवेअर, क्लासेसखाली त्या नावाची 'की' (म्हणजे फोल्डरसारखी नोंद), तिच्यात 'यूआरएल प्रोटोकॉल' नावाची रिकामी व्हॅल्यू, आणि आत शेल, ओपन, कमांड. ॲडमिन पासवर्ड लागत नाही. कमांडमध्ये पायथनडब्ल्यू (पायथनचीच बिनखिडकीची आवृत्ती) आणि माझी स्क्रिप्ट, साधं पायथन दिलं तर प्रत्येक वेळी ती काळी खिडकी चमकून जाते. विकीच्या बाजूने एक्स्टवाली लिंक लिहायची, म्हणजे अनोळखी स्कीम असली तरी टिडलीविकी तिला टिडलरचं (विकीतल्या एखाद्या नोंदीचं) नाव समजत नाही.

खरी गंमत मराठी नावांची. यूआरएलमधून 'आकाश' पाठवलं की स्क्रिप्टला टक्क्यांची चिन्हं भरलेली ३६ अक्षरांची माळ मिळते, कारण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आपल्या एकेका चिन्हाला तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरं. स्क्रिप्टमध्ये अनकोट केलं, म्हणजे त्या माळेची परत मूळ अक्षरं केली, की झालं.

एक मात्र आवर्जून सांगतो, लिंकमधून प्रोग्रामचा पूर्ण पाथ (मशीनवरचा त्याचा पत्ता) पाठवू नका. स्कीम एकदा नोंदवली की तिला कुठलीही वेबसाइट हाक मारू शकते, मध्ये फक्त ब्राउझरचा 'उघडू का?' हा प्रश्न, आणि तो आपण सगळे न वाचताच ओके करतो. म्हणून लिंकमध्ये नुसतं टोपणनाव, खरे पाथ स्क्रिप्टमधल्या यादीत, यादीत नसेल तर स्क्रिप्ट गुपचूप बंद. नवीन प्रोग्राम जोडायचा तर स्क्रिप्ट उघडावी लागते, कंटाळवाणं आहे, पण राहू दे.

पुढचं काम लिनक्सच्या लॅपटॉपवर, तिथे डेस्कटॉप फाइलीत (प्रोग्रामची ओळख सांगणाऱ्या छोट्या फाइलीत) एक्स-स्कीम-हँडलरची, म्हणजे कुठली स्कीम उघडायची ते सांगणारी, ओळ टाकून एक्सडीजी-माइम या कमांडने ती डिफॉल्ट करायचीय. स्क्रिप्ट तीच, यादी तेवढी वेगळी.