‘अ समरी’ नावाचा कागद : दुचाकी चोरीनंतरचा माझा अनुभव

माझी दुचाकी चोरीला गेली २४ नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि विम्याचे पैसे माझ्या खात्यात जमा झाले जून २०२५ मध्ये. या सात महिन्यांपैकी पाच महिने एकाच कागदापायी गेले. त्या कागदाला विमा कंपनीत एक नाव आहे आणि पोलीस ठाण्यात दुसरेच, आणि ही दोन्ही नावे एकाच कागदाची आहेत हे दोन्हीकडच्या कोणीही मला सांगितले नाही. आज पैसे मिळून बरेच दिवस झाले, तरी त्या पाच महिन्यांची चीड माझ्या मनातून गेलेली नाही.

मी कुपवाडला बेदाण्याच्या एका शीतगृहात हिशेबनीस आहे आणि माधवनगरला राहतो. त्या रविवारी सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात मामेबहिणीचे लग्न होते. आवारात जागा नव्हती, म्हणून गाडी बाहेर रस्त्याकडेला लावली, हँडल लॉक केले आणि आत गेलो. पंगत उठल्यावर बाहेर आलो, तर माझ्या स्प्लेंडरच्या जागी दुसरीच मोपेड उभी होती. कोणी चुकून नेली असेल या आशेवर अर्धा तास शोधण्यात घालवला आणि मग ११२ क्रमांकावर फोन केला. तो अर्धा तास आपण कोणीही घालवू नये. पुढे तपासी अंमलदारांनी मला सांगितले की, हँडल लॉक पायाच्या एका हिसक्यात तुटते, वायर जोडायला फारसा वेळ लागत नाही, आणि गाडी एकदा गावाबाहेर पडली की तिचे सुटे भाग होतात किंवा ‘कागद नंतर देतो’ असे सांगून ती खेड्यात स्वस्तात विकली जाते.

ठाण्यात मला आधी ‘दोन दिवस शोधा, नाही सापडली तर या’ असे सांगण्यात आले. निवडणुकीच्या बंदोबस्ताने तेथील माणसे थकलेली होती, हे मला दिसत होते, तरीही मी उठलो नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार चोरीची फिर्याद कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न आणता, नोंदवता येते आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. रात्री अकराच्या सुमारास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली गुन्हा नोंदला गेला आणि मी त्याच रात्री विमा कंपनीच्या फोनवर खबर देऊन तिचा क्रमांक लिहून घेतला. गुन्हा लगेच नोंदवला असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यात म्हटले आहे. पण त्या निकालाचा आधार घेण्याची वेळ येऊ न देणेच चांगले. पंचनामा, परिवहन कार्यालयाला चोरीचे पत्र, कंपनीच्या तपासनिसाने घरी येऊन घेतलेला जबाब ही कामे पंधरा दिवसांत सुरळीत पार पडली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीचे इंग्रजी पत्र आले. त्यातील कागदांच्या यादीत बाकी सर्व माझ्याकडे तयार होते आणि शेवटून दुसऱ्या ओळीत ‘नॉन ट्रेसेबल सर्टिफिकेट’, म्हणजे गाडीचा शोध लागत नसल्याचा दाखला, असे लिहिले होते. मी ते पत्र घेऊन ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी ते वाचले आणि म्हणाले, “साहेब, असा दाखला आम्ही देत नाही.” मी कंपनीच्या कार्यालयात परत गेलो. खिडकीमागच्या बाईंनी सांगितले, “सर, पोलीसच देतात, सगळे आणतात.” दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ठाण्यात गेलो, तर तपासी अंमलदार बंदोबस्तावर होते. त्यानंतरच्या खेपेला ते न्यायालयात गेलेले होते. चौथ्या खेपेस भेटले, तेव्हा त्यांनी माझी अडचण समजून घेऊन ठाण्याच्या शिक्क्यानिशी पत्र दिले की, अमुक क्रमांकाच्या मोटारसायकलचा अद्याप शोध लागलेला नसून तपास चालू आहे. मी ते मोठ्या समाधानाने कंपनीत नेऊन दिले. आठ दिवसांनी कळले की, ‘तपास चालू आहे’ असे लिहिलेले पत्र चालत नाही. तपास संपल्याचे लिहून आणा. ठाण्यात विचारले, तर तपास संपला असे पत्र लिहून देण्याचा अधिकार आम्हाला नाही, असे उत्तर मिळाले, आणि ते उत्तर खरे होते, हे मला फार उशिरा समजले.

प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची रजा पडत होती. गाडी नसल्यामुळे माधवनगरहून कुपवाडला जायला कधी बस, कधी वडाप, कधी शेजाऱ्याच्या मागे बसून असा प्रवास चालला होता. ती गाडी वडिलांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून २०२२ च्या जुलैत माझ्या नावावर घेतली होती. रोज संध्याकाळी ते ‘काही कळले का?’ एवढेच विचारत आणि माझ्याकडे उत्तर नसे. ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून मी कित्येक आठवडे पाहत होतो, कारण चोराने कोठे सिग्नल मोडला असता तर निदान दिशा तरी कळली असती. तेथेही काही आले नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस शीतगृहाच्या कामासाठी विजयनगरला न्यायालयाच्या आवारात गेलो असताना तेथील चहाच्या गाड्यावर एका निवृत्त न्यायालयीन लिपिकांशी बोलणे झाले. मी पत्र दाखवले. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “अहो, तुम्हाला अ समरी पाहिजे. हे ठाण्यात मिळत नाही, इथून मिळते.” त्यांनी दहा मिनिटांत मला जे सांगितले ते कंपनीने डिसेंबरमध्येच एका ओळीत सांगितले असते, तर माझे अडीच महिने वाचले असते.

ते असे. महाराष्ट्रात ज्या गुन्ह्याचा तपास तडीस जात नाही, त्याचा अंतिम अहवाल पोलीस ‘समरी’ म्हणून न्यायालयाला सादर करतात. गुन्हा खरा आहे पण आरोपी व माल मिळून आला नाही, तर ‘अ’. फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल, तर ‘ब’. आणि गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल, तर ‘क’. तपासी अंमलदार अहवाल तयार करतो, वरिष्ठांच्या मंजुरीने तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो, न्यायालय फिर्यादीचे म्हणणे विचारते आणि मग समरी मंजूर होते. त्या मंजुरीच्या आदेशाची साक्षांकित नक्कल म्हणजेच विमा कंपनीचे ‘नॉन ट्रेसेबल सर्टिफिकेट’. माझा सगळा राग या ठिकाणी आहे. दुचाकी चोरीचे दावे त्या कार्यालयात नेहमी येतात, या राज्यातील पोलीस त्या कागदाला काय म्हणतात हे तेथील प्रत्येकाला ठाऊक असणार, तरीही पत्रात असे नाव लिहिले जाते जे ऐकून ठाण्यातला अनुभवी माणूससुद्धा मान हलवतो.

दुसऱ्याच दिवशी मी पोलीस निरीक्षकांच्या नावे मराठीत अर्ज लिहिला. गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलम, गाडीचा क्रमांक, चासी व इंजिन क्रमांक लिहून विनंती केली की, गाडी मिळून आली नसल्यास अ समरीचा अहवाल न्यायालयात सादर करावा, तसेच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवायची असते, ती कळवावी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तोंडी विनवण्यांना तीन महिन्यांत जे जमले नव्हते, ते त्या शिक्क्याने केले. ठाण्यातून फोन आला, जबाब पुन्हा घेतला गेला आणि एप्रिलमध्ये अहवाल न्यायालयात पोहोचला.

न्यायालयाची नोटीस आली, तेव्हा मात्र माझे मन कचरले. समरीला हरकत नाही असे सांगणे म्हणजे गाडीवरचा हक्क सोडणे, असे मला वाटत होते. तसे नसते. पुढे माग लागला, तर पोलीस त्या गुन्ह्याचा तपास पुन्हा करू शकतात. फक्त विम्याचे पैसे घेतल्यानंतर सापडलेली गाडी कंपनीची होते. उन्हाळी सुट्टी लागण्याआधी मंजुरी मिळाली, नक्कल विभागात अर्ज केला आणि मेच्या मध्यावर तो कागद हातात पडला. घरी आल्यावर तो मी आधी वडिलांना दाखवला.

त्यानंतर कंपनीने ५०० रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र आणि गाडीची मालकी बदलण्यासाठी लागणारे परिवहन कार्यालयाचे नमुने २८, २९ व ३० सह्या करून घेतले. माझ्या विमापत्रात गाडीची ठरलेली किंमत ५२,००० रुपये होती. दुचाकीसाठीची १०० रुपयांची सक्तीची वजावट जाऊन ५१,९०० रुपये जमा झाले. ही ठरलेली किंमत गाडीच्या वयाप्रमाणे उतरते. एक ते दोन वर्षांच्या गाडीला वीस टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला तीस टक्के घट धरतात, म्हणून नव्या गाडीएवढे पैसे मिळतील असे कोणी गृहीत धरू नये.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, कारण तिच्याशिवाय वरचे सर्व निरुपयोगी आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, सक्तीचा झाला. त्यामुळे पुष्कळांना आपल्या गाडीचा पाच वर्षांचा विमा आहे, असे वाटते. चोरीची भरपाई मात्र ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागातून मिळते आणि तो अनेकदा पहिल्या वर्षापुरताच घेतलेला असतो. आमच्या शीतगृहातील एका सहकाऱ्याची गाडी त्याच हिवाळ्यात गेली आणि केवळ या कारणाने त्याला एक रुपयाही मिळाला नाही. आपले विमापत्र आजच काढून त्यावरच्या दोन्ही तारखा पाहाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कंपनीने दावा अडवला, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि महिनाभरात समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. गाडी सापडलीच, तर ती न्यायालयातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवून घ्यावी. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ पडून राहू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई यांच्या खटल्यात सांगितले आहे, हे अर्जात जरूर लिहावे.

नव्या गाडीला मी हँडल लॉकखेरीज डिस्क लॉक लावतो, आणि लग्नकार्यात किंवा बाजारात बराच वेळ जाणार असेल, तर पुढच्या चाकातून साखळी घालून ती खांबाला अडकवतो. वडील जुन्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद करून जात. इंधन इंजेक्शनच्या गाड्यांना बहुधा तो नसतो, म्हणून ओळखीच्या मेकॅनिककडून इग्निशनच्या वायरीत छुपे बटण बसवून घेतले; वॉरंटीतील गाडी असेल, तर हे काम विक्रेत्याला विचारूनच करावे. चासी आणि इंजिन क्रमांकाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवले आहेत.

आणि दुसरी किल्ली. कंपनी दावा देताना दोन्ही मूळ किल्ल्या मागते आणि एक नसेल, तर गाडीला किल्ली लावून ठेवली होती, असा संशय घेते. माझी दुसरी किल्ली तासगावला चुलतभावाकडे होती, कारण त्याने वर्षापूर्वी गाडी दोन दिवसांसाठी नेली होती, आणि ती त्याच्या देवघराच्या फळीवर सापडेपर्यंत एक रात्र मला झोप लागली नाही. नव्या गाडीची दुसरी किल्ली खरेदीच्या पावतीसोबत एका पाकिटात बंद करून आईच्या कपाटात ठेवली आहे, आणि ती कोणालाही द्यायची नाही, असे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.