आमची वाटचाल : तळ्यातून आठवडी बाजारापर्यंत

मत्स्यबीज (माशांची पिल्लं) आणि खाद्य पुरवायचं, तयार मासा उचलायचा, एवढाच आमचा धंदा. गिऱ्हाईक पैठण-गंगापूर पट्ट्यातले शेततळेवाले. इथं माशाचा भाव पाणी ठरवतं. मार्च-एप्रिलात मोसंबीला पाणी द्यावं लागलं की तळी उतरतात, सगळ्यांचा मासा एकदम बाहेर येतो आणि व्यापारी पाडून मागतो. जुलैत सोडलेलं इंचभर बीज तोवर जेमतेम अर्ध्या किलोचं झालेलं असतं. शेजारच्याच पाटीवर आंध्रातून बर्फात आलेला दीड-दोन किलोचा कटला. मग आपल्याकडं कोण बघणार?

म्हणून इंचभर बीज विकणं आम्ही सोडलं. आता पावसाळ्यातलं बीज दाट ठेवून, खाद्य आखडून पुढच्या जुलैपर्यंत थोपवतो. तेच शंभर ग्रॅमचं बीज मोकळ्या तळ्यात झपाट्यानं वाढतं. महाग पडतं, पण उन्हाळ्याआधी किलोला पोचतं. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात पाचशे-सहाशे नग पुरे. त्यावर सोडले तर नग वाढतात, वजन नाही.

एवढं मोठं बीज पिशवीत जात नाही. पिकअपवर टाकी आणि ऑक्सिजनचं सिलिंडर लागतं. आदल्या दिवशी खाद्य बंद, नाहीतर विष्ठेनं टाकीतलं पाणी नासतं. उतरवताना तळ्याचं पाणी पंधरा-वीस मिनिटं थोडं थोडं टाकीत मिसळायचं. मोजणी शेतकऱ्यासमोर, वजनावर. बारीक बीज वाटीनं मोजतात, त्यात पाणी जास्त आलं की नग कमी भरतात. भांडणं तिथंच होतात.

प्लॅस्टिकच्या तळ्यात चिखल नाही, म्हणून नैसर्गिक खाद्यही कमी. २८ टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य किलो माशामागं दीड किलोच्या आसपास लागतं. आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी मात्र टाकू नये. पहाटे मासे तोंड वर काढताना दिसले तर ती भूक नव्हे, ऑक्सिजन कमी पडलाय. लगेच मोटर लावून पाणी उंचावरून पाडायचं.

उपसा जानेवारीपासून, बाजाराला झेपेल तेवढाच. आषाढ अमावस्येपर्यंत मागणी जोरात असते, श्रावणात पाट्या रिकाम्या. जिवंत विकायला सायप्रिनस (कॉमन कार्प) बरा, टाकीत तग धरतो. कटला लवकर मरतो, तो बर्फातच न्यावा. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ धरा, आणि तो आदल्या संध्याकाळीच आणून भुशात ठेवा. पहाटे जाळं ओढल्यावर बर्फ शोधत फिरण्यात मासा मऊ पडतो.