लहान परिषदेची बाजू

डंकन मॅकइन्स हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ होते. न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते. पण एके काळी छोट्या असणाऱ्या तिथल्या चर्चासभांचा आकार वाढतच चालला, हे न पटल्याने १९४५ मध्ये ते या अकॅडमीतून बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसपुढे दुसरी योजना ठेवली: दोन-तीन दिवस, वीस-पंचवीस माणसे, शहरापासून दूर एखादे शांत ठिकाण. परिषदेतील माणसांच्या संख्येसाठी संस्था सोडणारा माणूस मला फार जवळचा वाटतो, कारण भौतिकशास्त्राचा अध्यापक म्हणून लहानमोठ्या अनेक परिषदांना हजेरी लावल्यावर माझेही मत त्याच दिशेने पक्के होत गेले आहे.

मॅकइन्स यांच्या योजनेतून २ ते ४ जून १९४७ या काळात न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवरील एका छोट्या हॉटेलात सुमारे दोन डझन भौतिकशास्त्रज्ञ एकत्र आले. ओपनहायमर, बेथे, राबी आणि फॉन नॉयमन यांच्याबरोबर तिथे फाइनमन आणि श्विंगर हे एकोणतीस वर्षांचे दोन तरुणही होते. पहिल्याच दिवशी विलिस लॅम्ब यांनी आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष मांडला. इलेक्ट्रॉनचे वर्णन करणाऱ्या डिरॅकच्या समीकरणानुसार हायड्रोजनच्या ज्या दोन ऊर्जापातळ्या तंतोतंत एकच असायला हव्यात, त्यांच्यात सुमारे १००० मेगाहर्ट्झ एवढा फरक आढळला होता. नंतर डच शास्त्रज्ञ क्रामर्स यांनी इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाकडे वेगळ्या पद्धतीने पाहण्याचा एक विचार मांडला. तो पूर्ण झालेला सिद्धान्त नव्हता, त्यातून हाती लागलेला कोणताही आकडा नव्हता. परिषद संपल्यावर न्यूयॉर्कहून स्केनेक्टडीकडे जाताना हान्स बेथे यांनी याच विचाराच्या आधारे लॅम्ब यांना आढळलेल्या फरकाचे गणित आगगाडीतच मांडले आणि त्यांना १०४० मेगाहर्ट्झ हे उत्तर मिळाले. आधुनिक क्वांटम विद्युतगतिकीची, म्हणजे प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्यातील आंतरक्रियेच्या सिद्धान्ताची, वाट या आकडेमोडीने मोकळी केली.

लॅम्ब यांचा आकडा हजारो लोकांच्या परिषदेतही जाहीर करता आला असता. तो पक्का होता आणि यथावकाश छापूनही आला. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट क्रामर्स यांच्या अर्ध्यावरच्या विचाराची आहे. असा विचार माणूस हजारांच्या सभागृहात मांडत नाही. तिथे तो सिद्ध झालेले, तपासलेले, कोणालाही खोडता येणार नाही असेच सांगतो, कारण समोरचे लोक कोण आहेत हे त्याला ठाऊक नसते आणि वाट्याला आलेल्या दहा मिनिटांत शंकेला जागा नसते. याउलट ज्यांच्याबरोबर सकाळी नाश्ता केला आणि रात्री जेवायचे आहे, अशा पंचवीस जणांसमोर ‘हे मला अजून नीट जमलेले नाही’ असे म्हणणे सोपे जाते. प्रयोगाचा आकडा आणि कच्चा विचार एकाच माणसाच्या कानांवर एकाच आठवड्यात पडले, ही लहान परिषदेची खरी कमाई होय.

आपल्याकडची भारतीय विज्ञान परिषदसुद्धा लहानच जन्मली. जानेवारी १९१४ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत, आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या पहिल्या अधिवेशनाला १०५ जण आले होते आणि ३५ निबंध होते. पुढे हेच अधिवेशन हजारो प्रतिनिधींचे झाले. १०८ वे जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात झाले. एवढ्या मोठ्या मेळाव्याचेही एक काम असते. शाळकरी मुलांना शास्त्रज्ञ प्रत्यक्ष पाहायला मिळतात, प्रदर्शने भरतात, नव्याने संशोधनाकडे वळलेल्याला विषयाचा पसारा एका नजरेत दिसतो. परंतु एकाच वेळी आठ-दहा दालनांत सत्रे चालू असताना ज्याचे काम मला उपयोगी पडेल तो नेमका दुसऱ्या दालनात बोलत असतो आणि चहाच्या वेळी गर्दीत सापडत नाही. सत्राध्यक्ष घड्याळाकडे बोट दाखवतात, प्रश्न राहून जातो, आणि वक्त्याला संध्याकाळची गाडी गाठायची असते.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीच्या आंतरविद्यापीठ केंद्रामध्ये विद्यापीठे आणि महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी होणाऱ्या छोट्या कार्यशाळांत मला याच्या अगदी उलट अनुभव आला. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली ही संस्था मुळातच विद्यापीठांतील लोकांसाठी आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावाहून आलेला अध्यापक तिथे पाहुणा ठरत नाही. दुपारच्या व्याख्यानात एखादी पायरी समजली नाही तर ती रात्री जेवणानंतर त्याच वक्त्याला पुन्हा विचारता येते, दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर करून दाखवता येते आणि चुकली असेल तर तिसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. माझ्या पदव्युत्तर वर्गात मी आज जे शिकवतो, त्यातला बराच भाग अशा लांबत गेलेल्या बोलण्यातून आला आहे.

लहान परिषदेतही एक धोका असतो आणि तो झाकून ठेवणे योग्य नाही. शेल्टर आयलंडला जे हजर होते त्यांपैकी रॉबर्ट मार्शाक यांनी १९५० पासून न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरला निमंत्रितांच्या परिषदा सुरू केल्या. १९५७ च्या परिषदेच्या वेळी त्यांचे विद्यार्थी ई. सी. जी. सुदर्शन यांच्याकडे क्षीण आंतरक्रियेचा, म्हणजे काही किरणोत्सारी ऱ्हासांमागच्या मूलभूत बलाचा, व्ही-ए नावाचा सिद्धान्त तयार होता. पण ते विद्यार्थी होते, अधिकृत प्रतिनिधी नव्हते, म्हणून तो त्यांना तिथे मांडता आला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इटलीतील परिषदेत तो मांडला गेला. दरम्यान फाइनमन आणि गेल-मान हेही त्याच निष्कर्षाला पोहोचले होते आणि श्रेयाचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला. मोजक्या खुर्च्या केवळ नावाजलेल्यांना दिल्या तर परिषद लहान राहते, पण ज्याच्याकडे नवे सांगण्यासारखे आहे तोच दाराबाहेर उभा राहतो. म्हणून संख्या मर्यादित ठेवणाऱ्याने विद्यार्थ्यांच्या जागा आधी बाजूला काढाव्यात आणि मग उरलेल्या जागा भराव्यात, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत होणाऱ्या राष्ट्रीय परिसंवादांबाबत हे अधिकच लागू पडते. सहभागाच्या प्रमाणपत्राला पदोन्नतीच्या वेळी महत्त्व असल्याने नोंदणीचा आकडा वाढवण्याकडे आयोजकांचा कल असतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मनोगते यांत पहिली सकाळ निघून जाते आणि दूरवरून आलेल्या तरुण अध्यापिकेला आपले वर्षभराचे काम जेवणापूर्वीच्या सात मिनिटांत उरकावे लागते. तेवढाच निधी तीस जणांवर खर्च केला, दिवसाला चारच व्याख्याने ठेवली, निबंध पंधरा दिवस आधी सर्वांना पाठवले आणि सगळ्यांची राहण्याची सोय एकाच वसतिगृहात केली, तर त्या तरुण अध्यापिकेचा निबंध निदान दहा जणांनी वाचलेला असेल. वक्त्यांनी पूर्ण मुक्काम करावा, ही अट मात्र निमंत्रणाच्या पत्रातच घालावी लागेल. मुक्काम जमणार नसेल अशा नामवंताऐवजी जवळच्या विद्यापीठातील, तिन्ही दिवस थांबणारा माणूस बोलावणे मी केव्हाही पसंत करीन.