क्लेमाँला कोणी धरलं होतं?

काल रात्री, ५ डिसेंबर २०२१ ला, भुवनेश्वरचा ज्युनियर हॉकी वर्ल्ड कप संपला. आपण चौथे. आज सकाळपासून माझ्या फोनवर दोनच प्रश्न येताहेत. आपली पोरं हरली कशी, आणि आता पुढचा स्टार कोण? पहिला विचारणारे माझ्यासारखे पन्नाशी ओलांडलेले, जिना उतरताना कठडा धरणारे. दुसरा विचारणारा एकटाच, माझा भाचा ओंकार. वय सोळा, खेळतो बॅकला, म्हणजे बचावफळीत. सगळ्यांना एकदमच उत्तर देऊन टाकतो, म्हणजे अंगठ्यानं तेच तेच टाइप करायला नको.

आधीच सांगून ठेवतो, मी सगळं बॅकच्या नजरेनं बघतो. खडकीच्या मुरमाच्या मैदानावर दहा वर्षं डावा बॅक खेळलो. गोल झाला की लोक मारणाऱ्याकडे बघतात, मी बघतो की त्याच्या सर्वांत जवळ कोण होतं आणि तो कुठं तोंड करून उभा होता. बायको म्हणते, तुम्हाला आनंद घेता येत नाही. तसंही असेल.

तर क्लेमाँ. फ्रान्सचा कॅप्टन, तिमोथे क्लेमाँ. २४ नोव्हेंबरला पहिलाच सामना, आपण गतविजेते, घरचं मैदान, निळं टर्फ. चहा हातात घेऊन बसतोय तोवर पहिल्याच मिनिटाला याचा गोल. सातव्या मिनिटाला फ्रान्सचा दुसरा. आपण दहाव्या आणि पंधराव्या मिनिटाला फेडून २-२ केले तेव्हा वाटलं, झोप उडाली असेल पोरांची. तेविसाव्याला पुन्हा क्लेमाँ, बत्तिसाव्याला पुन्हा क्लेमाँ. शेवटी ५-४ हरलो. ठीक आहे, पहिला सामना, दडपण असतं, समोरच्याचा अंदाज नसतो. मी माफ केलं. (माझ्या माफीला भुवनेश्वरमध्ये कोणी विचारत नाही, ते वेगळं.)

पण काल? कालही तोच फ्रान्स, तोच क्लेमाँ, कांस्यपदकाची मॅच. सव्विसाव्या, चौतिसाव्या आणि सत्तेचाळिसाव्या मिनिटाला गोल, तिन्ही त्याचेच. आपला एक, सुदीप चिरमाकोचा. ३-१. म्हणजे एकाच पोरानं आपल्याला दोन सामन्यांत सहा गोल घातले आणि मधे अकरा दिवस होते. अकरा दिवसांत माणूस बिघडलेला मिक्सर दुरुस्त करून आणतो. अकरा दिवसांत एवढं ठरवता येत नाही, की याला कोण धरणार, आणि धरणाऱ्यानं चेंडूकडे न बघता फक्त याच्याकडे बघायचं?

सगळ्यांत वाईट म्हणजे मला तो पोरगा आवडला. त्याच्यात धसमुसळेपणा नाही. बचाव हलायच्या आधीच त्याचं डोकं पुढं गेलेलं असतं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं आणि ते बरोबरच झालं. ओंकारचा मेसेज आला, 'मामा, क्लेमेंट नाही, क्लेमाँ म्हणायचं.' म्हटलं, तुला नाव नीट म्हणता येतं, आपल्या बॅकना त्याला नीट धरता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता आपल्यांकडे येतो. संजयबद्दल सगळे विचारताहेत. व्हाइस कॅप्टन, आपला ड्रॅग-फ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला (बचावाच्या चुकीबद्दल समोरच्याला गोलजवळ मिळणारी संधी) चेंडू स्टिकनं ओढून गोलमध्ये भिरकावणारा. पहिल्या दोन सामन्यांत दोन हॅटट्रिक. फ्रान्सविरुद्ध ५-२ अशी पिछाडी असताना सत्तावन्नाव्या आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानं लागोपाठ दोन पेनल्टी कॉर्नर घातले, तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. शेजारच्यांचं कुत्रं भुंकलं. दुसऱ्या दिवशी कॅनडाला आपण १३-१ धुतलं, त्यात याचे तीन आणि अराइजीत सिंग हुंदलचे तीन. पोलंडलाही ८-२. पण मी या दोन सामन्यांवरून कोणाची पाठ थोपटणार नाही. कॅनडाविरुद्ध तेरा गोल होतात तेव्हा फॉरवर्डची नाही, समोरच्याची परीक्षा झालेली असते. कोविडमुळं ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड आलेच नव्हते, हेही विसरू नका.

त्याच हिशेबानं नेदरलँड्सचा माइल्स बुक्केन्स. १८ गोल, स्पर्धेत सर्वांत जास्त. वर्तमानपत्रांत त्याचंच नाव मोठ्या अक्षरांत. पण त्याच्या गटात अमेरिका होती, जिला स्पेननं एकाच सामन्यात १७ घातले. आणि नेदरलँड्स? उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाकडून २-१. अठरा गोलवाला आणि त्याची टीम पहिल्या चारांत नाही. त्यात त्या पोराचा दोष काढत नाही, अठरा म्हणजे अठरा. पण माझ्या निराशेच्या यादीत नेदरलँड्स अख्खी टीम आहे.

पोरांचा खरा खेळ मी बघितला तो १ डिसेंबरला, बेल्जियमविरुद्ध. त्या दिवशी पुण्यात दिवसभर पाऊस, डिसेंबरात, जुलैसारखा. डिशवर सिग्नल येतोय-जातोय. शारदानंद तिवारीनं एकविसाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर घातला तो मी पाहिलाच नाही. चित्र गोठलं होतं, सुटलं तेव्हा पोरं मिठ्या मारत होती. मग जवळजवळ चाळीस मिनिटं एका गोलवर तग धरायचा होता. समोर बेल्जियम, ज्यांच्या मोठ्यांनी चारच महिन्यांपूर्वी टोकियोत ऑलिंपिकचं सोनं घेतलंय. प्रशांत चौहान आणि पवन, आपले दोघंही गोलकीपर त्या रात्री भिंत होऊन उभे राहिले. शेवटची काही मिनिटं तर पवन पॅड, हात, छाती, मिळेल ते मधे घालत होता.

त्या स्टेडियममध्ये प्रेक्षक सोडले नव्हते. रिकाम्या खुर्च्यांमुळं एक गंमत झाली, टीव्हीवर पोरांचा आवाज ऐकू येत होता. 'मागं', 'सोडू नको', 'माझा'. हॉकी टीव्हीवर बघताना हे कधी कानावर पडत नाही. आमच्या खडकीला मात्र हेच ऐकू यायचं, कारण तिथंही प्रेक्षक नसायचे. एक म्हातारा चणेवाला आणि दोन सायकली. १-० नं जिंकलो. माझ्या मते भारतानं या स्पर्धेत खेळलेला एकमेव पुरा सामना तो.

दोन दिवसांनी जर्मनी. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहवत नाही. पंधराव्या मिनिटाला पहिला, मग एकविसाव्या, चोविसाव्या, पंचविसाव्या. दहा मिनिटांत चार. त्यातला तिसरा त्यांचा कॅप्टन हानेस म्युलरचा. उत्तम सिंगनं लगेच एक फेडला, आणि अगदी साठाव्या मिनिटाला बॉबी सिंग धामीनं दुसरा. राखीव म्हणून यादीत असलेला पोरगा उपांत्य सामन्यात गोल करतो, त्याचं मला कौतुक वाटलं. पण तोवर मॅच जर्मनीच्या खिशात जाऊन बटण लागलं होतं. ४-२.

इथं मला विवेक सागर प्रसादबद्दल बोलावंच लागणार. कळतंय की लोक चिडतील. ऑगस्टमध्ये टोकियोचं कांस्य गळ्यात घालून आलेला पोरगा, इटारसीकडचा, आपला कॅप्टन. खेळाडू म्हणून मला प्रश्नच नाही, मधल्या फळीत त्याच्याइतकं स्वच्छ कोणी खेळत नाही. पण त्या दहा मिनिटांत, दुसरा गोल झाल्यावर, मला मैदानावर कोणीतरी असा हवा होता जो चेंडू घेऊन दोन मिनिटं इकडं-तिकडं फिरवत राहील, मागं देईल, पुन्हा घेईल, जर्मनांना कंटाळा आणेल. खेळ थंड करणं म्हणतो आम्ही. ऑलिंपिक खेळून आलेला त्या अकरा जणांत तोच होता. त्यानंही इतरांसारखीच घाई केली. पुढं पास, तुटला, परत पुढं पास, तुटला. निराशा म्हणाल तर माझी तीच. त्याच्याकडून अपेक्षा जास्त होती म्हणून. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही त्याला कोण नावं ठेवतं?

आता फायनल. अर्जेंटिना ४, जर्मनी २. अर्जेंटिनाचा लाउतारो दोमेने, तीन पेनल्टी कॉर्नर, तीन गोल. दहाव्या, पंचविसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला. मधे जर्मनीनं दोन मारून गाठत आणलं होतं. शेवटचा अगोस्तिनीनं अगदी साठाव्याला टाकला, तो कुलपाला चावी फिरवल्यासारखा. समोर गोलमध्ये उभा होता आन्तोन ब्रिंकमन, ज्याला स्पर्धेतला सर्वोत्तम गोलकीपर ठरवलं. सर्वोत्तम गोलकीपरला फायनलमध्ये चार बसले! लोक म्हणतील निवड चुकली. मला नाही वाटत. ड्रॅग फ्लिक नीट सुटला की गोलकीपर हा दुसरा उपाय असतो. पहिला उपाय म्हणजे धावणारा.

ओंकार, हे तुझ्यासाठी. पेनल्टी कॉर्नरला गोललाइनमागं गोलकीपर धरून पाच जण. त्यातला एक रशर, जो चेंडू ढकलला जाताच सरळ फ्लिकरच्या अंगावर सुटतो. आमच्या वेळी मी होतो. पण आमच्या वेळी मुरूम होता. लाइनवरून आलेला चेंडू स्टॉपरच्या (फटका मारणाऱ्यासाठी चेंडू अडवून धरणाऱ्याच्या) स्टिकवर पोचेपर्यंत दोन उड्या मारायचा, स्टॉपर तो दाबेपर्यंत मी निम्म्यात पोचलेलो असायचो, आणि समोरचा फ्लिक नाही, फटका मारायचा. तोंडावर काही नसायचं. एकदा तो फटका माझ्या डाव्या हाताच्या करंगळीवर बसला. ती अजून पूर्ण मिटत नाही, चपाती तोडताना बाजूला उभी राहते, तू लहान असताना तिला 'मामाचा अँटेना' म्हणायचास.

आता टर्फवर चेंडू कापडावरून इस्त्री जावी तसा येतो. ढकलल्यापासून फ्लिक सुटेपर्यंत रशरला जेमतेम दीड सेकंद. मास्क, हातमोजे, गुडघ्याचे पॅड, सगळं आहे, वेळ तेवढा नाही. म्हणून पहिलं पाऊल महत्त्वाचं. दोमेनेच्या दुसऱ्या गोलला मी रिप्ले तीनदा बघितला आणि तिन्ही वेळा दोमेनेकडे बघितलंच नाही. जर्मन रशर सुटला बरोबर, पण मला वाटतं शेवटच्या दोन पावलांत त्यानं अंग किंचित चोरलं. मी त्याला दोष देत नाही. मीही चोरायचो. करंगळी मोडली त्या दिवशी तेवढं चोरलं नव्हतं.

म्हणून स्टार कोण या प्रश्नाला माझं उत्तर दोमेने नाही. त्याला कप मिळाला, पुरेसं आहे. अर्जेंटिनाला २००५ नंतर पहिल्यांदा मिळाला, त्यांनी नाचावं. माझा एक नंबर क्लेमाँ. आपल्यांत संजय, पण बेल्जियमच्या मॅचमधला, जिथं त्याच्या नावावर गोल नाही आणि तो मागं उभा राहून माणसं धरत होता. आणि दोघं गोलकीपर, ज्यांचं नाव आज कोणीच घेत नाहीये. शारदानंदला अजून दोन वर्षं द्या. उत्तमला पुढच्या ज्युनियर वर्ल्ड कपला बघा, वय बसतंय त्याचं.

महाराष्ट्राचा एकही पोरगा या संघात नव्हता, हे लिहिणार नव्हतो. लिहिलं.

ओंकारचा शेवटचा मेसेज आत्ताच आलाय. 'मग क्लेमाँला तू असतास तर धरला असतास का?' खरं उत्तर असं की पहिल्या वेळी नाही. दुसऱ्या वेळी त्याचा शर्ट माझ्या मुठीत आणि दोन मिनिटं बाहेर बसवणारं हिरवं कार्ड माझ्या खिशात असतं.

येत्या शनिवारपासून पिंपरीच्या नेहरूनगरला, आपल्या ध्यानचंद स्टेडियमवर, सीनियर नॅशनल सुरू होतेय. ११ ते २२ डिसेंबर. ओंकार, सकाळी लवकर ये, स्वेटर घालून ये, पोहे मी बांधून आणतो. स्टँडच्या मधे बसायचं नाही, गोलच्या मागं जाळीपाशी उभं राहायचं. पेनल्टी कॉर्नर मिळाला की चेंडूकडे बघू नकोस.