आर्जेशच्या भिंतीतली आना

रोमानियात आर्जेश नदीच्या खोऱ्याकडे जाणारे बहुतेक पर्यटक ड्रॅक्युलाच्या नादाने जातात. वर डोंगरात पोयनारीचा पडका किल्ला आहे, चढायला १,४८० पायऱ्या, आणि त्याच्या पुढे ट्रान्सफागराशान हा गाजलेला घाटरस्ता. आमचाही बेत तोच होता. कुर्त्या दे आर्जेश हे गाव वाटेत लागतं, तिथलं चर्च बघून पुढे निघायचं, एवढंच ठरलं होतं. शेवटी दिवस तिथेच मावळला आणि किल्ला राहिला. त्याची मला काडीचीही हळहळ नाही.

बुखारेस्टपासून अंतर साधारण दीडशे किलोमीटर. पितेश्तपर्यंत महामार्ग, मग रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना आलुबुखाराच्या बागा सुरू होतात. आज झोपाळू वाटणारं हे गाव एके काळी वालाकियाच्या, म्हणजे रोमानियाच्या दक्षिणेकडच्या जुन्या राज्याच्या, राजांची राजधानी होतं. गावाच्या उत्तर टोकाला बागेत, मोकळ्या जागेत ते चर्च उभं आहे.

पहिल्या नजरेत ते फार मोठं वाटत नाही. फिकट करड्या चुनखडीचं, चौथऱ्यावर बसवलेलं, वर चार मनोरे. मोठे दोन सरळ आहेत. पण दर्शनी बाजूचे दोन छोटे मनोरे बघितले आणि मी थबकलेच. त्यांच्या उभ्या, चिंचोळ्या खिडक्या तिरप्या कापल्या आहेत, एका मनोऱ्याच्या एका दिशेला आणि दुसऱ्याच्या उलट दिशेला. ओलं लुगडं दोघींनी दोन टोकांना धरून पिळावं तसे ते दिसतात. आता हे एकमेकांवर कलंडणार असंच वाटत राहतं. प्रत्यक्षात दोन्ही ओळंब्यात सरळ आहेत.

जवळ गेलं की भिंतीवर नजर खिळते. अख्ख्या इमारतीच्या कमरेला दगडात कोरलेला, तीन पदरी पीळ असलेला जाडजूड गोफ फिरवला आहे. त्याच्या वर गोल चकत्यांची रांग, आणि प्रत्येक चकतीत कोरलेली जाळी. मी एकीसारखी दुसरी शोधत अर्धी प्रदक्षिणा घातली आणि नाद सोडला. छज्जाखालचं मधाच्या पोळ्यासारखं कोरीव काम थेट इस्तंबूलच्या मशिदींची आठवण करून देतं. अभ्यासक त्यात आर्मेनिया आणि जॉर्जियाकडचे नमुनेही दाखवतात. ऑर्थोडॉक्स चर्च आणि अंगावर सगळी पूर्वेकडची नक्षी, असा हा अजब प्रकार आहे.

आमचा ड्रायव्हर याच भागातला, पन्नाशीचा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचा, पण गोष्ट सांगायला लागला की भाषा आड येत नसे. रस्त्यापलीकडच्या बागेत एक झरा आहे, मानोलेचा झरा. तिथल्या बाकावर बसून त्याने जे सांगितलं ते रोमानियातल्या प्रत्येक पोराला शाळेत पाठ असतं म्हणे.

नेग्रू व्होदा नावाच्या राजाला जगात नसेल असं चर्च हवं होतं. त्याने नऊ नामांकित गवंडी आणि त्यांच्या वरचढ असा दहावा, मानोले, यांना कामाला लावलं. दिवसभर जे बांधावं ते रात्री ढासळायचं. राजा जिवे मारायच्या धमक्या देऊ लागला. मग मानोलेला स्वप्न पडलं: उद्या सकाळी नवऱ्यासाठी किंवा भावासाठी जेवण घेऊन जी बाई सगळ्यांत आधी येईल, तिला भिंतीत चिणल्याशिवाय हे काम उभं राहणार नाही. दहाही जणांनी शपथ घेतली. सकाळी मानोले परांचीवर चढून बघतो तर त्याचीच बायको, आना. गरोदर. हातात न्याहारी. तो देवाची करुणा भाकतो, पाऊस पाड. धो धो पाऊस पडतो, ओढे फुगतात, तरी ती येते. तो वारा मागतो. झाडं उन्मळून पडतात, तरी ती येतेच. मग तो तिला म्हणतो, गंमत करूया, तू इथे उभी राहा, आम्ही तुझ्याभोवती भिंत बांधतो. ती हसत उभी राहते. भिंत घोट्यापर्यंत येते, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. तेव्हा तिच्या लक्षात येतं. ती म्हणते, मानोले, भिंत दाबतेय, पोटातल्या बाळाला दाबतेय. तो बांधत राहतो.

पुढचा भाग असा. चर्च झालं, राजा खूश झाला, आणि त्याने विचारलं, याहून सुंदर बांधू शकाल? गवंडी छपरावर होते, फुशारकीत म्हणाले, हो, का नाही! राजाने परांची आणि शिड्या काढून घेतल्या. वर अडकलेल्या दहा जणांनी लाकडी फळ्यांचे पंख केले आणि उड्या घेतल्या. एकही वाचला नाही. मानोले जिथे पडला तिथे खारट पाण्याचा झरा फुटला, तोच हा झरा. आना मात्र दक्षिणेकडच्या भिंतीत आहे, असं सांगतात.

ड्रायव्हरने शेवटी शाळेतला धडाही सांगितला: मोठी कला हवी तर कलावंताला सर्वांत प्रिय वस्तूचा त्याग करावा लागतो. इथे माझं आणि त्याचं जरा वाजलं. त्याग कोणाचा? मानोलेने आनाला दिलं म्हणून त्याग मानोलेचा, आणि जी गुदमरून मेली ती नुसती वस्तू? तिला तर कोणी विचारलंही नव्हतं. तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला आणि म्हणाला, आमच्या बाईंनी वर्गात हे कधी विचारलं नाही.

त्याला मी पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची गोष्ट सांगितली. तिथेही हेच. बहामनी काळात बुरुजाचं काम सारखं ढासळत होतं, मग दृष्टांत झाला की थोरला मुलगा आणि त्याची बायको जिवंत पुरल्याशिवाय बुरूज टिकणार नाही. आख्यायिकेप्रमाणे महार जातीच्या बहिरनाकने आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई दिली. आपल्याकडे निदान जोडपं गेलं, असं म्हणायची सोय आहे, पण दगड कोणत्या जातीच्या घरात जाऊन थांबला हेही लपत नाही. विहिरीला पाणी लागावं म्हणून सुनेला दिल्याच्या कथा तर आपल्या गावोगाव आहेत. सर्बियातही अशीच एक लोककथा आहे, तिथे किल्ल्यासाठी धाकट्या भावाची बायको जाते. भिंतीला नेमकी सूनच कशी लागते, हा प्रश्न या सगळ्या मुलखांतल्या बायकांनी मिळून विचारायला हवा.

इतिहास बघायला गेलं तर नेग्रू व्होदाचा या इमारतीशी संबंध नाही. हे चर्च बांधलं वालाकियाचा राजा न्यागोये बसराब याने. त्याची कारकीर्द १५१२ ते १५२१, आणि चर्चची प्रतिष्ठापना १५१७ सालची, कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मगुरूंच्या उपस्थितीत झालेली. पैसे संपले तेव्हा त्याची राणी देस्पिना हिने आपले दागिने विकले असं सांगतात. म्हणजे इथेही बाईच कामी आली, फक्त जिवानिशी वाचली.

आत गेल्यावर पुढच्या दालनात बारा खांब आहेत, बारा प्रेषितांचे, प्रत्येकावर वेगळी नक्षी. डोळे अंधाराला सरावले की सोनं आणि रंग दिसू लागतात, पण हे रंग न्यागोयेच्या काळचे नाहीत. दोब्रोमिर या चित्रकाराने १५२६ मध्ये पूर्ण केलेली भित्तिचित्रं एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात उतरवली गेली. १८७५ मध्ये हे काम फ्रेंच वास्तुविशारद लकोंत द्यु नुई याच्याकडे आलं आणि त्याने दुरुस्तीच्या नावाखाली बरंचसं नवंच केलं. जुन्या चित्रांचे वाचलेले तुकडे आता बुखारेस्टच्या संग्रहालयात बघावे लागतात. आपल्याकडच्या जुन्या देवळांना ऑइलपेंट फासताना बघितलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

त्याच दालनात राजघराण्याच्या समाध्या आहेत. पहिला कारोल, एलिझाबेता, फर्दिनांद, आणि १९३८ मध्ये गेलेली राणी मारिया. मारियाचं हृदय तिच्या इच्छेप्रमाणे वेगळं काढून दुसरीकडे ठेवलं गेलं. ते पुढे गावोगाव फिरलं, ती एक वेगळीच कहाणी आहे.

बाहेर मेणबत्त्यांसाठी पत्र्याच्या पेट्या आहेत, एक जिवंत माणसांसाठी, एक गेलेल्यांसाठी. डोक्याला रुमाल बांधलेल्या एक आजी पिशवीतून बारीक पिवळ्या मेणबत्त्यांची जुडी काढून, पुटपुटत एकेक नाव घेत, कधी या पेटीत तर कधी त्या पेटीत रोवत होत्या. गेलेल्यांची पेटी लवकर भरली. मग त्यांनी आधीच्यांच्या विझलेल्या मेणबत्त्या उपटून जागा केली.

त्या आजी आल्या होत्या फिलोफ्तेयासाठी. या संत मुलीचे अवशेष आवारातल्या छोट्या प्रार्थनागृहात आहेत. ती बापाच्या शेतावर जेवण घेऊन जाताना वाटेतल्या गरिबांना वाटून टाकायची, म्हणून बापाने रागाच्या भरात कुऱ्हाड फेकली आणि ती बारा वर्षांची पोर गेली. पुढे तिचं शरीर उचलेचना, इतकं जड झालं. एकेका चर्चचं नाव घेऊन बघितलं, आणि आर्जेशचं नाव निघताच ते हलकं झालं, अशी श्रद्धा आहे. ७ डिसेंबरला तिचा सण असतो. शेतावर जेवण नेणारी पोर आणि कामावर न्याहारी नेणारी बायको, दोघीही शेवटी याच गावात.

निघताना एक सांगते. गावाच्या मध्यभागी सेंट निकोलस नावाचं राजघराण्याचं जुनं चर्च आहे, चौदाव्या शतकातलं. बाहेरून विटा आणि दगडांचं, ओबडधोबड, म्हणून लोक गाडीतूनच बघून जातात. तसं करू नका. आतली बायझंटाइन भित्तिचित्रं अजून जुनीच आहेत, आणि भिंतीच्या गिलाव्यावर कोणीतरी ओरखडून ठेवलं आहे की थोर राजा बसराब काम्पुलुंगला वारला. त्यातलं साल आपल्या हिशेबाने १३५२ च्या सुमाराचं. तिकिटं देणाऱ्या बाईंना विचारलंत तर त्या उठून येऊन सगळं दाखवतात. आम्ही गेलो तेव्हा आत आम्ही दोघं आणि त्याच होत्या.