व्हॅक्यूम कुठं मुरतोय: एक चोर हाती लागला, दुसरा माहितीये पण अजून आत बसलाय

सापडलं! म्हणजे निम्मं सापडलं, पण जे सापडलं ते इतकं तिरपागडं निघालं की आधी लिहून टाकतो, डॅश नंतर खोलतो.

मागचं आठवत नसेल तर थोडक्यात: माझ्या गाडीत एसीची हवा वळवणारे फ्लॅप इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात आणि तो कुठेतरी गळतोय. नवा चेक व्हॉल्व (एकाच दिशेने हवा जाऊ देणारा), इंजिनाकडच्या नळ्या सगळ्या नव्या, व्हॅक्यूम साठवायची टाकी वेगळी काढून तपासलेली. गाडी उभी असताना सगळं झकास. आयडलला मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा जाते त्या नळकांड्यावर) १८ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम, हँडपंपाने २० इंच ओढून सोडलं तर काटा ढिम्म हलत नाही. आणि तरीही लांबलचक चढ लागला, मॅक्स एसीवर गाडी दाबली, की थोड्या वेळाने समोरच्या जाळ्यांतली हवा गुपचूप काचेकडे वळते आणि जी येते तीही कोमट. चढ संपला, पाय काढला की परत शहाण्यासारखं चालू.

हवा काचेकडे वळते यात नवल काही नाही, व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग फ्लॅपला डिफ्रॉस्टवर नेऊन ठेवते आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं, काही बिघडलं तरी निदान काच तरी साफ राहावी म्हणून. जीप चेरोकी एक्सजे आणि जुने फोर्ड पिकअप तर याच लक्षणासाठी ओळखले जातात. थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो, तेवढा वेळ चेक व्हॉल्वने दार लावून धरायचं आणि टाकीतल्या साठ्यावर फ्लॅप धरून ठेवायचे, एवढाच हिशोब. त्यात उंचीवर गेलात की हजार मीटरला साधारण ३ इंच आयडललाच कमी मिळतात, म्हणजे साठाच कमी भरतो. पण माझ्याकडे हे होत होतं ते साठा मुळात धरून ठेवत असताना! हीच डोकं फिरवणारी गोष्ट.

साबणाचं पाणी लावून बघ असं बऱ्याच जणांनी सांगितलं. अहो, व्हॅक्यूमची गळती पाणी आत ओढते, बुडबुडा बाहेर येणार कसा? ते प्रेशरच्या गळतीचं औषध. कार्ब क्लीनरचा फवाराही डॅशच्या आत मारायचा नसतो, आत तर मी आगीच्या भीतीने काडीही ओढत नाही. शेवटी नळ्यांत धूर सोडला, अगदी कमी दाबाने, फुंकर म्हणता येईल इतपत. त्यात कंट्रोल पॅनेलच्या मागच्या रोटरी व्हॅक्यूम स्विचमधून (बटण फिरवलं की व्हॅक्यूम त्या त्या फ्लॅपकडे वाटणारा) धुराचा एक बारीक धागा निघाला. आतली रबरी चकती वाळलीये. झालं, सापडला असं वाटलं, पण गेज लावून पाहिलं तर ती गळती इतकी बारीक की तिने टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागतो. चढावर मात्र हवा एकदम वळते. ताळमेळ बसेना.

मग ठरवलं, उभ्या गाडीत काही कळणार नाही. दोन गेज लावले, एक चेक व्हॉल्वच्या आधी मॅनिफोल्डच्या बाजूला, दुसरा टाकीच्या पुढे टी टाकून, दोन्हींच्या लांब नळ्या फायरवॉलच्या ग्रोमेटमधून आत घेतल्या आणि भाच्याला मोबाईल घेऊन शेजारी बसवला, म्हटलं तू रस्ता बघू नको, काटेच बघ. चढ सुरू झाला, मॅनिफोल्डचा काटा २-३ इंचावर येऊन लोळायला लागला, टाकीचा काटा १७ वरून हळूहळू खाली, १५, १३, ११, हा तो रोटरी स्विचचा बारीक चोर. आणि ९ च्या आसपास आला तसा भाचा ओरडला, "मामा, पडला!" ९ वरून थेट शून्याकडे. व्हिडिओ घरी येऊन सावकाश पाहिला तेव्हा उतार तिथे मोडलेला स्पष्ट दिसतो, त्या बिंदूनंतर गळती बारीक नाहीच, भगदाड पडल्यासारखी.

हा मोडच सगळं सांगून गेला. गळती व्हॅक्यूम कमी झाल्यावर वाढतीये. साधं भोक असं वागणार नाही, व्हॅक्यूम कमी झाला की साध्या भोकाचा वेग मंदावतो. म्हणजे ९ इंचाला काहीतरी हलतंय आणि हलल्यावर उघडतंय.

मग वजाबाकी. तोच चढ, पण मॅक्सऐवजी नॉर्मल एसी: काटा हळूच घसरतो, पडत नाही. मॅक्सला काय जास्तीचं जोडलं जातं? दोनच गोष्टी, रिसर्क्युलेशनचा (आतलीच हवा फिरवणाऱ्या फ्लॅपचा) अॅक्च्युएटर, म्हणजे व्हॅक्यूमने रॉड ओढणारी डबी, आणि हीटरचा पाण्याचा व्हॉल्व. हीटर व्हॉल्वची नळी चिमट्याने दाबून टाकली आणि मॅक्सवर परत गेलो, काटा तरीही पडला. उरला एकच.

रिसर्क्युलेशनचा अॅक्च्युएटर नशिबाने ग्लोव्हबॉक्सच्या मागे आहे, हात जातो. हँडपंप लावला, रॉड पूर्ण आत, २० इंच, ढिम्म. हे आधीही बघितलंच होतं. आता रॉड अर्ध्यात येईल अशी लाकडाची पाचर अडकवली आणि पुन्हा ओढलं. फुस्स! पंप मारतोय तोवर काटा वर, थांबलो की खाली. पाचर काढली, रॉड पूर्ण आत गेला, गळती बंद. डायफ्रामची (आतल्या रबरी पडद्याची) जी घडी रॉडबरोबर गुंडाळत जाते तिथेच चीर आहे, पूर्ण आत असताना घडी स्वतःवरच दाबून चीर मिटते आणि मधल्या कोनात उघडते. म्हणजे रोटरी स्विच हळूहळू साठा खातो, ९ इंचाला स्प्रिंग जिंकायला लागते, रॉड जरा बाहेर सरकतो, चीर उघडते, उरलेला साठा जातो, म्हणून रॉड आणखी सरकतो, म्हणून चीर आणखी उघडते. एकदा सुरू झालं की थांबत नाही. खरं सांगतो, तो फुस्स आवाज मी चार-पाच वेळा नुसता मजा म्हणून काढला. धुरात हे का दिसलं नाही तेही कळलं, धूर दाबाने जातो आणि दाबाने रॉड आत ओढलाच जात नाही, डायफ्राम विश्रांतीला बसलेला असतो.

आणि कोमट हवेचं कोडंही त्यातच सुटलं. साठा गेला की हीटरचा व्हॉल्व (आपला व्हॅक्यूमने बंद होणारा आहे) उघडतो, गरम पाणी हीटर कोअरमध्ये (हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये), रिसर्क्युलेशन उघडून बाहेरची तापलेली हवा आत, आणि जी काही गार होतीये ती काचेवर. जाळीत ८ अंश असतं ते १७ होतं. अशा गाडीला लोक 'गॅस कमी झालाय' म्हणून गॅस भरून आणतात, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. आधी हीटरच्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावून बघा, मॅक्सवर दोन्ही भाजत असतील तर गॅसच्या वाटेला जाऊ नका.

हत्यारांबद्दल जाता जाता. प्लॅस्टिकचा हँडपंप घेऊ नका, माझ्या जुन्याचा स्वतःचाच व्हॉल्व गळायचा, प्रत्येक वेळी आधी तोंडावर बोट ठेवून पंपाचीच परीक्षा घ्यावी लागायची. धातूचा घ्या, आयुष्यभर पुरतो. सिलिकॉनच्या रंगीत नळ्या दिसायला भारी, पण भिंत पातळ असेल तर गरम झाल्यावर वळणावर चपट्या होतात आणि तेलाच्या वाफा त्यांना सोसत नाहीत, मॅनिफोल्डच्या बाजूला नायट्राइलच बरं. आणि 'सगळ्या गाड्यांना चालणारे' रबरी एल्बो मिळतात ते इंचाच्या मापाचे निघतात आणि मिलिमीटरच्या निपलवर सैल बसतात, मग लोक त्यावर झिप टाय आवळतात आणि जुना कडक नायलॉनचा पाईप तिथेच तडकतो.

आता दुरुस्ती. सध्या रिसर्क्युलेशनची नळी काढून टोपी लावलीये, मॅक्सवर ११ अंश मिळतंय आणि काटा पडत नाही, म्हणजे निदान पक्कं. पण असं कायम ठेवायचं नाही. पहिला विचार होता की त्या फाट्यावर वेगळा चेक व्हॉल्व टाकू म्हणजे त्याची गळती बाकीच्यांना खाणार नाही... लिहिता लिहिता लक्षात येतंय की हे चालणार नाही, गळतीची हवा अॅक्च्युएटरकडून टाकीकडेच वाहते आणि चेक व्हॉल्व नेमकी तीच दिशा मोकळी ठेवतो. बरं, मग जुन्या कार्ब्युरेटरचा बारीक जेट नळीत दाबून रिस्ट्रिक्टर करायचा? काटा पडण्याऐवजी घसरेल, फ्लॅप आळसावेल, आणि लांब चढावर शेवटी तेच. नको.

नवा अॅक्च्युएटर घ्यायचा तर हीटर बॉक्स खाली घ्यावा लागतो कारण मागचा स्क्रू फिरवायला जागाच नाही, आणि जुन्या साठ्यातला 'नवा' पार्ट म्हणजे तितक्याच वयाचा रबर. त्यापेक्षा रिसर्क्युलेशनला दोनच जागा लागतात, उघड किंवा बंद, मग व्हॅक्यूमच कशाला? दरवाजाच्या सेंट्रल लॉकचा १२ व्होल्टचा अॅक्च्युएटर लावला तर! जुना तिथेच निकामी पडून राहू दे, फक्त त्याची स्प्रिंग भांडणार नाही म्हणून रॉड सोडवायचा. त्याला सतत करंट द्यायचा नाही, जळतो, नुसता झटका द्यायचा, म्हणजे एक छोटं पल्स सर्किट आलं. ब्लोअर फुल्ल असताना हवेने फ्लॅप सरकेल का ही शंका आहे, एखादी हलकी ओव्हरसेंटर स्प्रिंग (मधला बिंदू ओलांडला की फ्लॅप त्याच बाजूला दाबून धरणारी) लागेल बहुतेक.

मोजलं तर जुन्या रॉडचा स्ट्रोक २४ मिमी भरतोय आणि लॉकवाल्याचा १८ ते २० च्या घरात असतो, म्हणजे लिव्हरवर नवीन भोक पिव्हटच्या जवळ पाडावं लागेल आणि तेवढा जोर जास्त लागेल. जोर पुरतो का ते ग्लोव्हबॉक्स उघडा ठेवून थेट बॅटरीवर बघणार, मगच भोक. रोटरी स्विचची चकती त्याआधी काढून सिलिकॉन ग्रीस लावून बघतो, व्हॅसलीन नको, रबर फुगतं. कोणी लॉकचा अॅक्च्युएटर फ्लॅपला जोडला असेल तर ओव्हरसेंटर स्प्रिंग कुठे अडकवली तेवढं सांगा.